बिबे, बोंडू, काजू

(पहाट. कातळाचा उतार, काजूची बाग. पाचोळ्यावर पडलेले लाल-पिवळे बोंडू.)

दारूच्या भट्टीसाठी काजूचा बोंडू कुणी झाडावरून काढत नाही. तो पिकून पडायची वाट बघायची असते.

एप्रिल महिना. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यातली एक वाडी. इथून गोव्याची हद्द चालत जाण्याइतकी जवळ आहे. रात्रभर पडलेले बोंडू ऊन चढायच्या आत वेचून व्हायला हवेत. दुपारी पाचोळा तापतो, बोंडू आंबायला लागतो आणि मुंग्या आपल्या आधी पोचतात.

(आजी बोंडू वेचताना. हातांचे जवळून दृश्य.)

आजींच्या हातात काठी आहे, काठीच्या टोकाला खिळा. बोंडू टोचायचा, उचलायचा, पिरगळून बी वेगळी करायची. बी या टोपलीत, बोंडू त्या टोपलीत. आजींचं लक्ष आमच्याशी बोलण्यात आहे, हात मात्र थांबत नाहीत.

या फळाची गंमत बघा. आंब्याची कोय आत असते, फणसाची आठळी आत असते. काजूची बी बाहेर लटकते. खरं तर ती बीच या झाडाचं फळ. आपण ज्याला बोंडू म्हणतो तो फुगून रसाळ झालेला देठ आहे.

आजींना विचारलं, हे झाड आलं कुठून?

(आजींचा मूळ आवाज) "खंयसून येतला? हयचाच आसा ता."

झाड इथलंच, असं आजी म्हणाल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी हे उत्तर चुकीचं ठरलं असतं. आज ते कुणाला खोडून काढता येणार नाही. या दोन गोष्टींच्या मधे काय घडलं, त्याच्या मागावर आम्ही या उन्हाळ्यात निघालो.

(नकाशा. अटलांटिक महासागर, ब्राझीलचा ईशान्य किनारा.)

काजूचं मूळ घर ब्राझील. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेत याचं नाव 'अकाजू'. पोर्तुगीजांनी त्याचं 'काजू' केलं आणि आपण ते जसंच्या तसं घेतलं. आपल्या जिभेवर रोज येणारा हा शब्द मुळात ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा आहे.

हे दोन किनारे एकाच प्रवासात जोडले गेले. १५०० साली काब्रालचा पोर्तुगीज काफिला एप्रिलमध्ये ब्राझीलला लागला आणि तोच काफिला पुढे सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. मग या वाटेवरून अननस आला, पपई आली, बटाटा आला. नावं कानावर येऊ द्या. अननस, पपई, बटाटा, काजू. चारही नावं पोर्तुगीजांच्या तोंडून आलेली आहेत.

गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये इथल्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात काजू नाही. क्रिस्तोव्हाँव द कोस्ता याचा ग्रंथ १५७८ चा. त्यात काजू आहे, कोचीच्या बागेत पाहिलेला. कागदावरचा पुरावा एवढाच. झाड कोणत्या जहाजातून उतरलं, पहिली बी कुणी लावली, याची नोंद कुणी केली नाही.

(बिब्याची बी, तळहातावर. शेजारी काजूची बी.)

पण एक नोंद या मातीत आहे. डावीकडे बिबा आणि उजवीकडे काजू.

बिबा आपल्याकडचा, जुना. परीट याच्या तेलाने कपड्यावर खूण करत, ती धुऊन जात नसे. बिब्याच्या बीला वर केशरी, गरदार बोंड असतं. टरफलात असं तेल, की कातडीला लागलं तर उततं, फोड येतात. आणि त्याच टरफलाच्या आत गोडंबी, जी आपण डिंकाच्या लाडवात घालतो. म्हणजे बाहेर जाळणारं तेल आणि आत गोड गर, हे कोडं इथल्या बायकांनी केव्हाच सोडवलेलं होतं. बिबा कसा धरायचा, कसा भाजायचा, कुठे जपायचं, हे हातांना ठाऊक होतं.

आणि मग किनाऱ्यावर एक झाड आलं, ज्याच्या बीला वर रसाळ बोंड, टरफलात तसंच तेल, आत तसाच गर.

वनस्पतीशास्त्रात दोन्ही झाडं एकाच कुळातली. आंबाही त्याच कुळातला. पण कोकणातल्या माणसाला त्यासाठी शास्त्रज्ञाची गरज पडली नाही. गोव्यात आणि कारवारात ओल्या काजूगरांना कोंकणीत आजही 'बिबे' म्हणतात. कुणी तरी पहिल्यांदा ही बी हातात घेतली, हाताला चटका बसला, आणि त्या व्यक्तीने हिला घरातलं नाव दिलं. केरळात हेच झाड परंगी मावु झालं, म्हणजे फिरंग्यांचा आंबा. कप्पल मावुही झालं, म्हणजे जहाजातून आलेला आंबा. तिथे झाडाच्या नावात त्याचं परकेपण राहिलं. इथे त्याला नातलगाचं नाव मिळालं. माझ्या मते काजू कोकणात रुजला तो त्या क्षणी. बी मातीत पडल्याची तारीख सापडली असती, तरी मी तिला एवढं महत्त्व दिलं नसतं.

(रात्र. काजूच्या फांद्यांवर वटवाघळं. इन्फ्रारेड दृश्य.)

पोर्तुगीजांनी डोंगरउतारावरची माती धरून ठेवायला काजू लावला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. काही ठिकाणी लावला असेलही. पण आम्ही तीन रात्री या बागेत कॅमेरा लावून बसलो, तेव्हा लावणारे निराळेच दिसले.

हे वटवाघूळ. बोंडू तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जातं, रस चोखतं आणि बी खाली टाकून देतं. टरफलातल्या तेलामुळे बीला ते हात लावत नाही. सकाळी गावातली मुलं अशा बिया शोधत हिंडतात, पण सगळ्या थोड्याच सापडतात? ज्या राहतात त्या पहिल्या पावसात रुजतात.

आणि रुजतात कुठे, तेही बघा. हा जांभा दगड, हा कातळ. इथे भात होत नाही. आमच्याकडे अशा जमिनीला वरकस म्हणतात. नाचणी, वरी पिकवायची, पुढे काही वर्षं पडीक ठेवायची. त्या पडीक उतारावर काजूने पाय रोवले. त्याने कुणाची भातशेती मागितली नाही, पाणी मागितलं नाही.

(जुनी छायाचित्रे: चहाचे मळे, चहाच्या जाहिराती.)

शेजारी चहा ठेवून बघूया. चहासाठी १८३४ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने समिती नेमली. चीनमधून बी आणलं, कारागीर आणले. आसामच्या मळ्यांत राबायला छोटा नागपूरकडची माणसं करारात बांधून नेली, आणि मळा सोडून पळणं हा गुन्हा ठरवला. आणि ते सगळं झाल्यावर इथल्या लोकांना चहा प्यायला शिकवावं लागलं. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसवून त्या पैशातून जाहिराती केल्या. चहा असा सरकारच्या खांद्यावर बसून आपल्या घरात आला.

काजूच्या जाहिरातीसाठी कुणी उपकर बसवला नाही. त्याला वाढवलं ते वटवाघळांनी, गुराख्यांनी आणि या आजींसारख्या बायकांनी.

(गोवा. डोंगरउतारावर खडकातलं कुंड. दोन पुरुष बोंडू तुडवताना.)

हद्द ओलांडली की बोंडूचं नशीब बदलतं.

हे गोव्यातलं सत्तरी. खडकात खोदलेलं हे कुंड किती जुनं आहे, ते भट्टीवाल्यालाही सांगता येत नाही. त्याच्या आजोबांनीही इथेच बोंडू मळले. मळणं हाच इथला शब्द. पाय स्वच्छ धुऊन माणसं बोंडवांत उतरतात. अनेक ठिकाणी आता यंत्र आलं आहे, पण या उतारावर वीज नाही, म्हणून पायच.

(रस वाहताना. पाटातून मडक्यात.)

पहिला रस असा वाहतो. मग उरलेल्या चोथ्याची ढीग लावून, वेलीने घट्ट बांधून, वर दगड ठेवायचा. रात्रभर त्यातून थेंब थेंब रस गळतो, स्वच्छ, जवळजवळ पारदर्शक. हा नीरो. सकाळी थंडगार नीरो प्यायला मिळणं हा भट्टीवर पोचलेल्या पाहुण्याचा मान. ऊन तापायच्या आत प्यावा लागतो, कारण नंतर तो आंबतो.

मळलेला रस दोन-तीन दिवस आंबतो. बाहेरून काही घालायचं नाही. खमीर नाही, साखर नाही. झाडावरून, हवेतून जे आलं तेवढंच. मडक्याजवळ कान नेला तर आवाज येतो.

(मडक्यातील बुडबुड्यांचा आवाज. पाच सेकंद निवेदन नाही.)

मग हे भाण, दारू गाळायचं भांडं. तांब्याचं, खाली लाकडाचा जाळ. भाणाचं तोंड मातीने लिंपून बंद करतात, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते आणि त्या भांड्यावर सतत थंड पाणी ओततात. जाळ मोठा झाला तर दारू करपट होते, कमी झाला तर वाफच धरत नाही. हा माणूस दोन तास जाळासमोरून उठला नाही. आम्ही बोलायला गेलो तेव्हाही त्याची नजर लाकडावर होती.

पहिल्या धारेला उर्राक म्हणतात. सौम्य, फक्त उन्हाळ्यापुरता. गोव्यात मार्चपासून लोक त्याची वाट बघतात. लिंबू पिळून, मिठाची कणी आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकून पितात. मिरचीही त्याच वाटेने अमेरिकेतून आलेली, ती इथे उर्राकाच्या पेल्यात काजूला भेटते.

उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा उकळलं की फेणी.

(फेणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतताना. बुडबुडे.)

फेस आणि फेण. नाव इथूनच आलं. ओतल्यावर येणारे बुडबुडे किती मोठे आणि किती वेळ टिकतात, यावरून जुने भट्टीवाले तिची ताकद सांगतात. मोजायचं माप 'ग्राव', तेही पोर्तुगीज. एकोणीस-वीस ग्राव म्हणजे चांगली फेणी. आम्ही मापकाने तपासलं. भट्टीवाल्याने नुसतं बघून सांगितलेला आकडा बरोबर निघाला.

ही विद्या काजूबरोबर ब्राझीलहून आलेली नाही. तुपी लोक काजूचा रस आंबवून पीत, पण इथल्या भट्टीची घडण माडावरची. काजू येण्याच्या आधीपासून या किनाऱ्यावर माडी काढली जात होती, आणि माडीची दारूही गाळली जात होती. १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने तिचं वर्णन करून ठेवलं आहे. माडाची फेणी आजही मिळते. तेच भाण, तोच जाळ, तोच हिशेब. फळ तेवढं नवं आलं. पाहुण्याला घरातल्याच ताटात वाढावं, तसं झालं.

२००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. या कुंडात उभ्या असलेल्या दोघांचे पाय हाच तो वारसा, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

(पुन्हा दोडामार्ग. मागीलदार. बाई कोयत्याने ओली बी फोडताना.)

आता बीकडे येऊ. ही दृश्यं फेब्रुवारीतली, हंगामाच्या सुरुवातीची. बी अजून हिरवी आहे, टरफल मऊ. वहिनींनी हाताला खोबरेल लावलं, वर राख चोळली, आणि बी मधोमध चिरली. आतला गर अख्खा बाहेर. हे दिसतं तितकं सोपं नाही. चीक उडाला तर कातडी काळी पडते, सोलून निघते.

हे ओले काजूगर बाजारात शेकड्याने विकतात, वजनावर नाही. सावंतवाडीच्या बाजारात बायका पानावर वाटे लावून बसतात. घरी आले की कोमट पाण्यात घालायचे, सालं काढायची. मग ओलं खोबरं, वाटण, थोडा गूळ. ओल्या काजूगरांची उसळ सणाला लागते, पाहुण्याला लागते, लग्नाच्या पंगतीत तिच्यावरून घराची ऐपत ठरते. देवाच्या नैवेद्यालाही ती चालते. उपासाच्या ताटाकडेही एकदा बघा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची. सगळे अमेरिकेतून आलेले. ज्या ताटात शिवाशिवीचे नियम सगळ्यात कडक, त्याच ताटात या परदेशी पिकांना सगळ्यात आधी पाट मिळाला.

(कारखाना. वाफ. बायकांच्या रांगा.)

सुकी बी इथे येते. वेंगुर्ल्याजवळचा हा लहान कारखाना. बी वाफेवर शिजवतात, एक दिवस निववतात, मग कटरवर एकेक करून फोडतात. एका हाताने बी लावायची, पायाने दांडा दाबायचा, दुसऱ्या हाताने टरफल उघडून गर काढायचा. मग गर वाळवायचा, तांबडी साल सोलायची, आणि शेवटी निवड.

डब्यांवरचे आकडे बघा. डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात तो हा आकडा. आकडा लहान, गर मोठा. फुटला तर पाकळी, आणखी फुटला तर तुकडा, आणि भाव त्या त्या पायरीने खाली. साधारण चार किलो बीमागे एक किलो गर मिळतो. या बाईंच्या समोरच्या ढिगातला प्रत्येक गर कमीत कमी चार वेळा कुणाच्या तरी बोटांतून गेलेला आहे. टरफलातलं तेलही वाया जात नाही. ते रंगात जातं, गाड्यांच्या ब्रेकमध्ये जातं.

(रोपवाटिका. कलम बांधताना.)

आणि हे वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. वेंगुर्ला-१ पासून वेंगुर्ला-९ पर्यंतच्या जाती इथल्याच. ही चार, आणि ही सात. सातची बी दहा ग्रॅमची भरते, गावठी बीच्या शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बसवून पट्टी बांधायची. एवढ्याशा कामाने कोकणचे डोंगर बदलले. १९९० मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली, आणि वटवाघळांचं झाड रांगेत उभं राहिलं.

या पानांवरचे काळे ठिपके ढेकण्याने केलेले. कोवळ्या पालवीतला रस तो शोषतो आणि मोहोर करपतो. इंग्रजीत त्याचं नाव चहाच्या मच्छरावरून पडलं आहे. चहा आणि काजू, दोन्ही पिकांना एकाच किड्याने गाठलं.

(संध्याकाळ. बागेच्या कडेला कुजलेल्या बोंडवांचा ढीग.)

हा ढीग दोडामार्गातला आहे. बीच्या वजनाच्या आठ-दहा पट बोंडू निघतो. काही बोंडू टेम्पोने गोव्यात जातो. बाकीचा इथेच. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असलेलं फळ. राज्याने काजू मंडळ काढलं, बोंडू प्रक्रियेच्या घोषणा झाल्या. बीचा भाव पश्चिम आफ्रिकेतून, टांझानियातून येणाऱ्या कच्च्या काजूबरोबर खाली-वर होतो, कारण कारखान्यांची भूक इथल्या पिकाहून मोठी आहे. आफ्रिकेतही काजू नेला होता तो पोर्तुगीजांनीच.

(ढिगावर कॅमेरा स्थिर. दहा सेकंद निवेदन नाही.)

(रात्र. अंगण. तीन दगडांची चूल, भोकं पाडलेला पत्र्याचा डबा.)

आजींच्या अंगणात आता जाळ पेटला आहे. डब्यात सुक्या बिया. टरफलातलं तेल तापलं की ते स्वतःच पेट घेतं. बघा.

(ज्वाळा उसळतात. मुलं मागे सरकतात.)

याच वेळी डबा उलटायचा असतो. क्षणभर उशीर झाला तर गर जळतो. आजी कुठे घड्याळ बघतात? धुराचा वास बदलला की त्यांना कळतं. पेटत्या बिया मातीत ओतल्या, वर राख टाकली, जाळ विझला. आता दगडावर ठेवून हातोडीचा एकच बेताचा घाव.

टरफल काळं, हात काळे, आतला गर पांढरा.

(आजी कॅमेऱ्याकडे हात पुढे करतात. मूळ आवाज) "खावा. गरम आसत."